सव्वा महिना कोणाच्या वाट्याला?

पुण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“दोन महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून तिला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले, एवढाच काय तो त्रास. आमच्याकडे धुणी-भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या ताईंना तेव्हा सातवा महिना चालू होता. माझ्या बाळंतपणामुळे घरातले काम वाढले, दुपट्यांचा ढीग पडू लागला आणि तो सारा त्यांनीच उपसला. मी त्यांना थांबा म्हटले नाही. महिन्याला पाचशे रुपये वाढवून दिले आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. तीन आठवड्यांपूर्वी, दिवस पूर्ण भरण्याआधीच, त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला, वजन १ किलो ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडले. आठव्या दिवशी बाळाने दूध ओढणे कमी केले, नवव्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि दहाव्या दिवशी मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

सोसायटीतल्या बायका म्हणतात, ‘या लोकांना काही कळत नाही, बाळगुटी चाटवली असेल.’ खरे सांगायचे तर आमच्याकडेही सासूबाईंनी बाळगुटी चाटवलीच होती. काल ताईंचा फोन आला. परवापासून कामावर येते म्हणाल्या, चार घरांपैकी एक घर आधीच सुटले आहे. सासूबाई म्हणतात, ती आली की बाळाला तिच्या नजरेसमोर आणू नकोस. चूक कोणाची झाली? त्यात माझी किती? माझ्या मुलीची लहान झालेली झबली-टोपडी मी त्यांच्या बाळासाठी पिशवीत भरून ठेवली होती. त्या पिशवीचे काय करू?”

तुमच्या पत्रातला एकच प्रश्न परवापर्यंत थांबणारा नाही, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. ताईंना परवा कामावर येऊ देऊ नका आणि न आलेल्या दिवसांचा एकही खाडा धरू नका. मात्र ‘तुम्ही येऊ नका’ एवढेच फोनवर सांगितलेत, तर हेही घर सुटले असे त्यांना वाटेल. म्हणून स्वतः जाऊन दोन महिन्यांचा पगार हातात द्या आणि बदली बाई तेवढ्यापुरतीच आहे, काम तुमचेच आहे, हे स्वच्छ शब्दांत सांगा. दोन महिने हा हिशेब माझ्या मनाचा नाही. जन्मताच किंवा जन्मानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत बाळ दगावले, तर आपल्या महिला कर्मचाऱ्याला साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा द्यावी, असा आदेश केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये काढला. सचिवालयातल्या बाईचे अंग सावरायला आणि मन थोडे थाऱ्यावर यायला साठ दिवस लागतात असे सरकारला वाटत असेल, तर चार घरची फरशी पुसणाऱ्या बाईला त्याहून कमी का लागावेत?

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी त्यांच्या घरात बहुधा कोणी बोलणार नाही. बाळ गेले तरी आईला दूध येतच राहते. छाती दाटली असेल, तर थंड पट्ट्या ठेवाव्यात, आधार मिळेल असे कपडे घालावेत आणि अगदी असह्य होईल तेव्हा आराम पडण्यापुरतेच दूध पिळावे, कारण अधिक पिळले की अधिक येते. छातीवर लाली, गाठ किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तस्राव पुन्हा वाढला किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तरीही तसेच करावे. बाळ गेल्यानंतर त्या बाईला बाळंतीण म्हणून कोणी पाहत नाही, पण तिचे शरीर बाळंतिणीचेच असते.

आता चुकीविषयी. मी वीसएक वर्षे नवजात शिशूंच्या विभागात काम केले आहे, तरीही एका विशिष्ट बाळाच्या मृत्यूचे कारण पत्रावरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. दिवस भरण्याआधी आणि कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे पहिल्या पंधरवड्यात काय होऊ शकते, एवढे मात्र सांगता येईल. अशा बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर पुरेसा नसतो, त्यामुळे ज्या खोलीत आपल्याला पंखा लागतो त्या खोलीतही ते गार पडते. गार पडलेले बाळ नीट ओढत नाही, न ओढलेल्या बाळाच्या रक्तातली साखर उतरते आणि त्यातच जंतुसंसर्ग झाला तर दोन दिवसांत सारे हाताबाहेर जाते. घात करणारी गोष्ट ही की हे सगळे शांतपणे घडते. आजारी नवजात बाळ मोठ्या मुलासारखे रडून घर डोक्यावर घेत नाही, ते गप्प होते, झोपून राहते आणि घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं बाळ आहे, त्रासच देत नाही.’ हे वाक्य मी गरीब घरांत जितके ऐकले, तितकेच सधन घरांतही ऐकले आहे.

मग फरक कोठे पडला? तुमच्या मुलीची कावीळ तुम्ही ओळखली नव्हती, ती बालरोगतज्ज्ञांनी ओळखली. पहिल्यांदा आई झालेल्या बाईला पिवळेपणा किती म्हणजे जास्त हे कळत नाही आणि कळावे अशी कोणी अपेक्षाही करत नाही. म्हणजे अज्ञान तुमच्या घरीही होते, फक्त ते भरून काढायला माणसे हजर होती आणि त्यांचे पैसे बहुधा विम्याने भरले. बाळगुटीचेही तेच. ती दोन्ही घरांत चाटवली गेली असेलही, आणि ती कोणत्याच घरात चाटवू नये, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीही लागत नाही (तुमच्या मुलीची बाळगुटी आजपासून बंद करा, सासूबाईंना माझे नाव सांगा). पण तुमच्या घरी ती परंपरा ठरली आणि ताईंच्या घरी ‘या लोकांना काही कळत नाही’ याचा पुरावा ठरली.

ताईंच्या बाळाचे वजनही अशा जागी अडकले, जिथे व्यवस्थेची एक रेषा संपते आणि दुसरी नीट सुरू होत नाही. सरकारी नवजात अतिदक्षता कक्षांत साधारणपणे १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ दाखल करून घेतले जाते. त्यांचे बाळ शंभर ग्रॅमनी वरचे होते. ते दूध ओढत होते म्हणून तिसऱ्या दिवशी घरी सोडले गेले आणि नियमाला धरून पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. मात्र असे बाळ घरी पाठवताना घर हाच त्याचा कक्ष असेल असे आपण गृहीत धरतो. घरात कोणी तरी दिवसाकाठी त्याचे हातपाय गार आहेत का पाहील, मिनिटाला श्वास साठच्या वर जात नाही ना हे मोजेल, दर दोन तासांनी अंगावर पाजेल, हे सारे गृहीत असते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन नेमके हेच करावे अशी योजना आहे. ताईंकडे कोणी आले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कोणी आले नसेल, तर मला नवल वाटणार नाही. शहरात भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलते, नाव एका वस्तीत नोंदलेले असते आणि बाळंतीण दुसऱ्याच वस्तीत असते. या साऱ्या भेटींसाठी आशेला मिळून २५० रुपये ठरवण्यात आले होते, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवण्याआधी तीही याच उतरंडीवरची एक पायरी आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही योजना महाराष्ट्राच्याच मातीतून उगवली, हे अनेकांना ठाऊक नसते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात एकोणचाळीस गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला ऊबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये जगापुढे मांडले गेले. त्या गावांतल्या आयांचे दारिद्र्य तीन वर्षांत हटले नव्हते, त्या रातोरात शिकल्याही नव्हत्या. त्यांच्या दारापर्यंत कोणी तरी नेमाने येऊ लागले होते.

आज महाराष्ट्रात शंभरांतल्या जवळजवळ पंचाण्णव स्त्रिया रुग्णालयात बाळंत होतात आणि २०२० च्या नमुना नोंदणीनुसार राज्यात हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. देशाचा आकडा तेव्हा २० होता आणि केरळचा ४. राज्याची सरासरी चांगली दिसते, पण सरासरीत तुमची मुलगी आणि ताईंचा मुलगा एकाच ओळीत बसतात. पूर्वी विषमता रुग्णालयाच्या दाराशी दिसत असे, एक आत बाळंत होई आणि दुसरी घरी. आता दोघीही आत जातात. विषमता दिसते ती बाहेर पडल्यानंतरच्या सव्वा महिन्यात.

हा सव्वा महिना आपल्याकडे काही नवा नाही. बाळंतिणीने बाहेर पडू नये, जड उचलू नये, तिला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, न्हाऊ-माखू मिळावे, ही रीत आपण अभिमानाने सांगतो. त्यातले शेक-शेगडीचे कौतुक मला फारसे नाही, धुराचा बाळाला त्रासच होतो. पण विश्रांतीचा आणि बाळाला पोटाशी धरून बसण्याचा भाग मात्र आधुनिक वैद्यकाने अक्षरशः मोजून पाहिला आहे. हरयाणात दीड ते सव्वादोन किलो वजनाची बाळे घरीच आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल अशी, दिवसाचे अनेक तास बांधून ठेवली गेली, तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ताईंचे बाळ नेमके याच वजनाचे होते. या उपायाला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. लागतो तो आईचा वेळ, आणि जिला पाणी भरायचे आहे, चार वर्षांच्या थोरल्याला जेवू घालायचे आहे आणि पंधरवड्यात काम सुटेल ही धास्ती आहे, तिच्याकडे तोच नसतो. आपण ज्याला फुकटचा उपाय म्हणतो, तो गरीब आईला सर्वांत महाग पडतो.

तुम्हाला तुमच्या कंपनीने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा दिली असेल. प्रसूती रजेचा मूळ कायदा १९६१ चा, त्यातली सव्वीस आठवड्यांची दुरुस्ती २०१७ ची, पण त्याची पाळेमुळे मुंबईत आहेत. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. त्यांचे म्हणणे असे होते की प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात ज्याचा फायदा आहे त्या मालकालाही जबाबदारीतून पूर्ण सुटता येणार नाही. त्या काळच्या मुंबईची कल्पना हवी असेल, तर १९२१ चे आकडे पाहावेत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागे ८२८ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद झाली, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पहिला आकडा काहीसा फुगलेला आहे, कारण गावी जाऊन बाळंत झालेल्या बायकांची मुले मुंबईच्या जन्मनोंदीत येत नसत आणि मृत्यूच्या नोंदीत मात्र येत. तो फुगवटा वजा केला तरी खोल्यांच्या संख्येवरून बाळाचे आयुष्य ठरत होते, हे झाकले जात नाही. गिरणीच्या बाईला कायदा लागू झाला तो तिचे कामाचे ठिकाण कारखाना होते म्हणून. ताईंचे कामाचे ठिकाण तुमचे स्वयंपाकघर आहे, म्हणून त्यांच्यापर्यंत तो कायदा पोहोचत नाही. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या अपत्याला मिळतात आणि दुसऱ्याला मुलगी झाली तरच. हा त्यांचा दुसरा मुलगा असेल, तर तेही नाहीत.

आता तुमचा वाटा. तुमच्या घरच्या दुपट्यांमुळे बाळ लवकर जन्मले असे मी म्हणणार नाही, आणि तसे मुळीच नाही असेही म्हणणार नाही. गरोदरपणी तासन्‌तास उभे राहून, वाकून, वजन उचलून केलेल्या कामाचा बाळाच्या वजनाशी संबंध आढळतो, पण तो अनेक कारणांपैकी एक असतो. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ताईंचे रक्त किती होते, रक्तदाब कधी मोजला होता, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. त्यांना थांबवले असतेत, तरी पगार मिळाल्याखेरीज त्यांनी उरलेली तीन घरे सोडली नसती. तरीही एक गोष्ट खरी आहे की तुमची विश्रांती ज्या हातांनी शक्य झाली, ते हात सातव्या-आठव्या महिन्याच्या गरोदर बाईचे होते, आणि पाचशे रुपयांत तिचे जादा काम विकत मिळाले, तिची विश्रांती मिळाली नाही. हे ओझे हलके करून द्यावे असे मला वाटत नाही. त्याचे रूपांतर रडण्यात होऊ नये, एवढेच वाटते, विशेषतः ताईंसमोर. त्यांच्यापुढे माफी मागून रडलात, तर त्यांनाच तुमची समजूत घालत बसावे लागेल.

सासूबाईंच्या म्हणण्याविषयी मी स्पष्टच लिहिते. बाळ गेलेल्या बाईची नजर लागत नाही, तिची सावली पडत नाही. बाळाला दुसऱ्या खोलीत लपवणे म्हणजे तिचे दुःख संसर्गजन्य आहे असे तिला सांगणे होय. उलट, सांत्वन म्हणून तुमची मुलगी त्यांच्या मांडीवरही ठेवू नका. त्या परत येतील तेव्हा एकदाच, एकांतात विचारा, ‘बाळ समोर असलेले तुम्हाला चालेल का, की काही दिवस तुम्ही आलात की मी आत बसू?’ उत्तर काहीही आले तरी ते पाळा. त्यांच्या बाळाचे नाव ठेवले होते का, तेही विचारा. बहुतेक लोक त्या बाळाचा विषयच काढणार नाहीत, आणि आईला तेच सर्वांत जड जाते.

कामाच्या दोन-तीन गोष्टी राहतात. बाळाचा जन्म आणि मृत्यू या दोन्हींची नोंद झाली आहे ना, ते पाहा. त्यासाठी घटनेपासून एकवीस दिवसांची मुदत असते. मृत्यूची मुदत अजून आहे, जन्माची नुकतीच संपत आली असेल, म्हणून आजच रुग्णालयाचे कागद काढायला सांगा. रुग्णालयाने नोंद परस्पर केली असण्याची शक्यता आहे, पण खात्री करून घ्या. हा कागद वारसाहक्कासाठी नव्हे, बाळ या शहरात जन्मले होते हे कोठे तरी लिहिलेले असावे म्हणून हवा. जवळच्या आरोग्य केंद्रात कळवले, तर अशा मृत्यूची चौकशी करण्याची पद्धत आहे. ती आईला जाब विचारण्यासाठी नसते, उशीर कोठे झाला हे शोधण्यासाठी असते. ताईंसोबत तुमच्या घरचे कोणी गेले, तर तो फरक राखला जाईल. त्यांना पुन्हा मूल हवे असेल, तर निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, मधल्या काळात रक्त वाढवावे आणि पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून आधीचे बाळ कमी वजनाचे होते हे कार्डावर लिहून घ्यावे. तशी नोंद असलेल्या बाईकडे अधिक लक्ष दिले जाते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण, आजारी नवजात बाळाचे उपचार आणि १०२ क्रमांकाची गाडी हे सारे मोफत आहे, आणि हे आठव्या दिवशी ठाऊक असते तर कदाचित नववा दिवस गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेला नसता. राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आहे. तिथे त्यांची नोंदणी करून द्या आणि मालक म्हणून लागणारी तुमची सही तुम्ही करा.

सोसायटीतल्या त्या बायकांशी वाद घालू नका. ताई ज्या उरलेल्या दोन घरी काम करतात, तिथे जाऊन या दोन महिन्यांच्या पगाराचे तिन्ही घरांत वाटे करा, आणि सुटलेल्या चौथ्या घरालाही एकदा विचारून पाहा. पुढे कोणाही कामवाल्या बाईला दिवस गेले, तर सातव्या महिन्यापासून जड काम नाही आणि बाळंतपणाचे तीन महिने भरपगारी, असे आताच ठरवून कागदावर उतरवा. काही जणी म्हणतील, असे केले तर गरोदर बाईला कोणी कामावरच ठेवणार नाही. गिरणीच्या बायकांविषयीही मालक असेच म्हणत असत.

पिशवी तूर्त ताईंना देऊ नका, त्यांच्यादेखत दुसऱ्या कोणाला तर मुळीच देऊ नका. तुमच्या मुलीला पुरून दूध उरत असेल, तर पुण्यात आईचे दूध जमा करणाऱ्या दुग्धपेढ्या आहेत. अशी आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती ताईंच्या बाळासारख्याच लहानग्यांसाठी. दूध द्यायला जाल त्या दिवशी नवजात कक्षातल्या परिचारिकेला झबली-टोपडी हवीत का विचारा. बहुधा हवी असतील. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून न्या, आणि टोपडी आठवणीने वेगळी बांधा, कारण लहान बाळाची ऊब डोक्यावाटेच सर्वांत लवकर निघून जाते.